जमीन हलली की थांबायचं

पोपटतात्यांकडे खोली भाड्याने घ्यायची तर आधी त्यांच्या बाकड्यावर बसून मुलाखत द्यावी लागे. बाकडं साधंसुधं नव्हतं. जुन्या पॅसेंजरच्या डब्यातलं, लाकडी पट्ट्यांचं, बसून बसून गुळगुळीत झालेलं. दौंडच्या कुणा भंगारवाल्याच्या मागे लागून त्यांनी ते आणलं होतं आणि ओसरीवर भिंतीला टेकवून ठेवलं होतं. एवढ्यावर त्यांचं भागलं नाही. बाकड्याच्या टोकाला भिंत फोडून तिथे त्याच डब्याची खिडकी बसवली होती, आडव्या गजांची, वरून धाडकन खाली पडणाऱ्या पत्र्याच्या झडपेची. त्या खिडकीतून शेळ्यांचा गोठा दिसायचा. मी टेकायला गेलो तर तात्या ओरडले.

"तितं नगा, तितं नगा! रुमाल टाकलेला दिसत न्हाय व्हय?"

खरोखरच खिडकीच्या बाजूला एक चौकटीचा रुमाल पसरलेला होता. ती जागा त्यांच्या बायकोची, माईंची. रोज सकाळी चहाच्या आधी तात्या तिथे रुमाल टाकायचे आणि माई कामं आवरून आल्या की उचलून घ्यायचे. गाडीत बायकोसाठी जागा धरायची सवय त्यांना घरातही सोडवत नव्हती. माणूस वेडा आहे, असं मी मनात म्हटलं आणि रुमालापासून अंतर ठेवून बसलो.

"गाव कुठलं?"

"अंथुर्णे. इंदापूर तालुका."

"म्हंजे गाडी न्हाय."

"एसटी आहे की."

"येश्टीला गाडी म्हणत्यात व्हय तुमच्याकडं?" तात्यांनी आत बघून हाक मारली, "अगं ए, ऐकलंस का? ह्यास्नी रूळ वलांडता येत न्हाय."

मला जरा रागच आला. एमआयडीसीतल्या दूध डेअरीच्या लॅबमध्ये नोकरी लागलेली, बारामतीच्या बाहेर काटफळच्या बाजूला ही वस्ती, भाडं परवडणारं. म्हणून आलो होतो. माझी अक्कल काढायला नव्हतो आलो. मी म्हणालो, "रूळ ओलांडायला काय यायचंय? दोन्हीकडे बघायचं आणि जायचं."

माई तोवर पदराला हात पुसत उंबऱ्यात आल्या होत्या. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि अशी हसली दोघं, की मीही नाइलाजाने हसलो.

"बघायचं म्हणत्यात," माई म्हणाल्या.

ते हसू मला आजही आठवतं.

तात्या हायस्कुलात पीटीचे मास्तर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी शिट्टी गळ्यातून उतरली नव्हती. अंगात पांढरा हाफ शर्ट, खाली पायजमा, छाती पुढे, आणि डोक्यावर एक केस नाही. तरी खिशात कंगवा कायम. मी एकदा न राहवून विचारलं. तर म्हणाले, जुन्या डब्यातले पंखे बटण दाबून सुरू होत नसत. जाळीतून कंगवा घालून पात्याला ढकललं की मग फिरायला लागत. "केस गेलं म्हणून काय पंख्याला वाऱ्यावर सोडायचं?" ते पंखे कधीच भंगारात गेले होते. कंगवा मात्र तयार होता.

घरात बोलण्यापेक्षा शिट्टीचाच कारभार जास्त. एक लांब शिट्टी म्हणजे चहा टाका. दोन आखूड म्हणजे निघालो. माईंना हे अजिबात आवडत नसे. त्या मुद्दाम आतून ओरडायच्या, "हितं सिग्नल पडल्याला न्हाय, थांबा भायेर!" आणि तात्या खरंच बाहेर थांबायचे.

त्यांचं सगळं प्रेम होतं दौंड-बारामती पॅसेंजरवर, आणि त्यातही तिला ओढणाऱ्या जुन्या डिझेल इंजिनावर. त्यांना यंत्रातलं काही फारसं कळायचं, असं नाही. इंजिनाचा क्रमांक, ताकद असलं काही त्यांना सांगता यायचं नाही आणि त्याची त्यांना फिकीरही नव्हती. त्यांना त्याचा आवाज आवडायचा. उभं असताना ते कसं एका जागी धापा टाकतं, निघताना कसा काळा धूर सोडून जोर लावतं, चढावर कसं कुरकुरतं, हे सगळं ते तोंडाने करून दाखवायचे. कोळशाच्या काळातल्या अरुंद रुळांवरच्या गाडीचाही आवाज काढायचे, पण तो आपला बालपणीचा म्हणून, पाहुण्याला गोड खाऊ घालावं तसा. खरा जीव डिझेलवर. त्या डिझेलच्या गाडीला ते 'थोरली' म्हणायचे.

"थोरली आली," असं म्हणून ते चहाचा कप खाली ठेवायचे, चपला काढायचे आणि अंगणात अनवाणी उभे राहायचे. डोळे मिटलेले. मला काही म्हणता काही ऐकू यायचं नाही. जरा वेळाने पायाखाली अगदी बारीक थरथर सुरू व्हायची, मग खिडकीची झडप वाजायला लागायची, आणि त्यानंतर कितीतरी वेळाने गाडी उसाआडून निघायची.

"थोरली गेली का?" माई आतून विचारायच्या. "मग आता धाकटीकडं बगा. दळण आणायचंय."

हा विनोद त्यांच्या लग्नाइतकाच जुना असावा. थोरली धावत होती तोवर तो रोज व्हायचा आणि दोघं रोज हसायची.

आता रूळ ओलांडण्याचं सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. वस्ती रुळाच्या या बाजूला आणि बऱ्याच जणांची रानं त्या बाजूला. गाड्या-ट्रॅक्टर लांबच्या पुलाखालून जातात, पण पायी माणसं एका ठरलेल्या पायवाटेने थेट रुळावरून जातात. बायका सकाळी जाताना मोकळ्या असतात. येताना डोक्यावर वैरणीचा भारा असतो, घासाचा नाहीतर कडवळाचा, खांद्यापर्यंत खाली आलेला. असला भारा डोक्यावर असला की मान वळत नाही. वळवायची तर सगळं अंग वळवावं लागतं, त्यात भारा एका बाजूला कलतो आणि मानेत चमक भरते. शिवाय रूळ तिथे वळण घेतो आणि दोन्ही अंगाला ऊस. बघून बघून दिसणार तरी काय?

म्हणून तात्यांनी वस्तीला कानाने रूळ ओलांडायला शिकवलं होतं. शाळेत पीटीच्या तासाला शिकवलं, गावातल्या नव्या सुनांना शिकवलं, मलाही शिकवलं. मोटारसायकल घेण्याआधी मी त्याच वाटेने चालत कामाला जायचो. तात्या मला रुळापाशी घेऊन गेले, चपला काढायला लावल्या आणि समोर पीटी मास्तरसारखे ताठ उभे राहिले.

"भोंगा वाजला. काय करायचं?"

"थांबायचं."

"चूक. भोंगा लांबचा असतू. भोंगा ऐकून थांबला तर दिवसभर हितंच हुबं ऱ्हाशीला. भोंगा म्हंजे ती निघाली. आपलं काम करायचं. जमीन हलली की थांबायचं. जमीन खोटं बोलत न्हाय."

मी म्हणालो, "आणि मी नुसतं बघून गेलो तर?"

"तुमी इंदापूरवाले, बघा बापडं," तात्या म्हणाले.

मी दोन्हीकडे बघूनच जात राहिलो. दरवेळी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे आणि खात्री म्हणून पुन्हा डावीकडे. वस्तीतल्या बायका भारा घेऊन माझ्या शेजारून सरळ निघून जायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. माई तर मला 'डावं-उजवं' म्हणूनच हाक मारायला लागल्या होत्या. "डावं-उजवं, आज भाकरी आमच्यात खावा." अशा हाकेला नाही कोण म्हणेल? बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं मी त्यांच्याकडे जितकं खाल्लं तितकं माझ्या घरीही खाल्लेलं नाही.

मग रुळाकडेने खांब उभे राहिले, तारा ओढल्या गेल्या आणि डिझेल बंद होणार असं सगळीकडे झालं. काही दिवस तात्यांची शिट्टी वाजली नाही म्हणून चहा वेळेवर होईना. शेवटी माईंनीच विषय काढला.

"एवढ्या वर्साची सवत," त्या म्हणाल्या, "रिकाम्या हातानं पाठवायची व्हय?"

आमच्याकडे बाईमाणूस घरातून निघालं की ओटी भरतात. माई खण, नारळ आणि मूठभर गहू घेऊन, नवऱ्याला बरोबर घेऊन बारामती स्टेशनावर गेल्या. मला सुट्टी होती, मीही गेलो. इंजिन धापा टाकत उभं होतं. माईंनी त्याच्या पुढच्या पत्र्याला हळद-कुंकू लावलं, गहू वाहिले, आणि मग अडल्या. ड्रायव्हर खिडकीतून वाकून बघत होता. तो म्हणाला, "आजी, पदर कुठंय तिला?" माईंनी विचार केला आणि खण पुढच्या दांडीला गाठ मारून बांधला, नारळ ड्रायव्हरच्या हातात दिला. "तिच्या वाटचा तुमी खावा," म्हणाल्या. फलाटावरची माणसं हसत होती, मोबाइलवर फोटो काढत होती. तात्या हसले नाहीत. इंजिन निघालं तेव्हा त्यांनी चपला काढल्या आणि फलाटावर उभे राहिले. फलाट सिमेंटचा, त्यातून त्यांना काय लागलं असेल कोण जाणे. गाडी दिसेनाशी झाली तरी ते तसेच उभे होते. मग माईंनी त्यांच्या चपला उचलून पुढ्यात ठेवल्या.

नवी गाडी आली. अख्खी वस्ती बघायला गेली. तात्या गेले नाहीत आणि माईंनाही जाऊ दिलं नाही.

"ती गाडी न्हाय, मिक्सर हाय," म्हणाले. पुढे तेवढंही कौतुक नको म्हणून तिला 'मुकी' म्हणायला लागले. मुकीत बसायचं नाही, मुकीकडे बघायचं नाही, तिचं नाव घरात काढायचं नाही. माईंचा भाऊ दौंडच्या अलीकडे राहतो. त्यांना नव्या गाडीत बसून त्याच्याकडे जायची फार हौस होती. तात्यांनी त्यांना एसटीने पाठवलं. जिला कधी गाडी म्हणायला तयार नव्हते, त्या एसटीने! माईंनी ते मला हसत सांगितलं, पण जरा रुसून.

एकदा चहा पिताना मी सहज म्हणालो, "तात्या, ही नवी गाडी अगदी अंगावर येईपर्यंत कळत नाही हो. आज मी पुन्हा डावीकडे बघितलं म्हणून दिसली."

तात्यांनी कप आपटला. "मी दुसरं काय म्हणतोय? कसली गाडी ती!"

आम्ही दोघं एकच गोष्ट बोलत होतो. मी भीतीने बोललो आणि त्यांनी ती तक्रार समजून घेतली. माई खिडकीच्या जागेवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ह्यांच्यापुढं नगा बोलू, जेवत न्हाईत मग." विषय तिथेच संपला.

काही महिने काही झालं नाही, कारण या रुळावर गाड्याच मोजक्या आणि माईंच्या जाण्यायेण्याच्या वेळेला एकही नसायची. पुढे वेळापत्रक बदललं आणि एक गाडी नेमकी दुपारच्या वेळेला आली. वस्तीत सगळ्यांना कळलं, त्या घरात कळलं नाही. ज्या माणसाला एके काळी गाडी दौंडहून निघाली की अंगणात कळायचं, त्याच्या घरात गाडीची वेळ बदलल्याचं कुणी बोललं नाही, कारण बोलायची बंदी होती.

त्या दिवशी दुपारी मी डेअरीतून परत आलो तेव्हा रुळापाशी गर्दी होती. पुलाखालून यायच्या ऐवजी मी मोटारसायकल उसाकडेला लावली आणि पळत गेलो. घास सगळीकडे पसरला होता, हिरवागार, ताजा. माईंना चादरीखाली ठेवलं होतं. मला आणखी काही सांगवत नाही आणि सांगायचंही नाही.

तात्या रुळाच्या कडेला खडीवर बसले होते. शेजारी शांताबाई, वस्तीतलीच, माईंच्या मागून भारा घेऊन येत होती ती. तिला रडू आवरत नव्हतं आणि बोलणंही आवरत नव्हतं.

"भोंगा वाजला तात्या. मी म्हणलं, माई, थांबा. त्या म्हणल्या, भोंगा लांबचा असतू, जमीन कुठं हलली अजून? मी म्हणलं थांबा की. त्या म्हणल्या, ह्यांनी शिकिवलंय मला, तू नगं शिकवू."

एका बाईने तिला गप्प करायचा प्रयत्न केला. तात्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"बोलू दे तिला," म्हणाले. "परत सांग शांता. काय म्हणली?"

शांताबाईने परत सांगितलं. तात्यांनी ते तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. मला तो प्रकार असह्य झाला आणि मी त्यांच्यावर खेकसलो, "पुरे करा तात्या!" त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओळख नसल्यासारखं बघितलं.

"थोरली असती तर सांगून आली असती," एवढंच ते म्हणाले. ते वाक्य त्यांनी नंतर पुन्हा कधी उच्चारलं नाही. दहाव्याच्या दिवशी कुणीतरी सांत्वन म्हणून तेच बोलायला गेलं, तर तात्या उठून निघून गेले.

दहावा-तेरावा झाला, भाऊबंद परतले. तात्या दुसऱ्याच दिवशी सकाळी शिट्टी गळ्यात घालून घराबाहेर पडले आणि वस्तीतल्या एकेका दारात जाऊन उभे राहिले. प्रत्येक ठिकाणी तेच. "मी चुकीचं शिकिवलं. ते इसरा. कानावर इस्वास ठेवू नगा. मान वळवा." बायका म्हणायच्या, "व्हय तात्या, बसा, चहा घ्या." तात्या बसायचे नाहीत. हायस्कुलातही गेले. प्रार्थनेच्या वेळी हेडमास्तरांनी त्यांना बोलू दिलं. पोरांना ओळीत उभं करून त्यांनी व्यायाम घेतला: मान डावीकडे, मान उजवीकडे, परत डावीकडे. पोरं फिदीफिदी हसली. पीटीचा तास म्हणून त्यांना मजा वाटली.

शिकवलेलं परत काढून घेता येत नाही, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. त्या बायका तोंडाने हो म्हणायच्या आणि रुळाशी आल्या की पाय आपोआप जमिनीच्या थरथरीची वाट बघायचे. वर्षानुवर्षांचं वळण ते. त्यात भारा डोक्यावर. म्हणून मग तात्या पायवाटेवरच जाऊन उभे राहायला लागले. सकाळी जाताना आणि दुपारी येताना, शिट्टी घेऊन. कोणी आली की शिट्टी. "भारा खाली!" भारा उतरवायचा, मान डावीकडे, मान उजवीकडे, मग जायचं. उतरवलेला भारा एकटीला परत डोक्यावर घेता येत नाही, कुणीतरी उचलून द्यावा लागतो. ते तात्या द्यायचे. आमच्याकडे पुरुषमाणूस परक्या बाईचा भारा असा उचलत नाही. पहिले काही दिवस बायका लाजून चूर व्हायच्या, काही जणी चिडल्याही. "तात्यांचं डोकं फिरलंय," असं पुरुष पारावर बोलायला लागले. शांताबाई मात्र रोज निमूटपणे भारा खाली ठेवायची.

एकदा मात्र तात्यांचीच शिट्टी उशिरा वाजली. दोन बायका रुळाच्या मधोमध होत्या आणि मुकी वळणावर दिसत होती. मी मोटारसायकल लावून समोरच्या बांधावर उभा होतो. बायका पळाल्या, वाचल्या. तात्या मात्र तिथेच खाली बसले. मी त्यांना घरी आणलं.

"डोळं उघडं हुतं माझं," ते म्हणाले. "समोर दिसत हुती. तरी मी वाट बघत हुतो. पायाला लागंल, मग वाजवू."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालायला सुरुवात केली. पायांत टायरच्या सोलच्या जाड चपला आल्या. जो माणूस आयुष्यभर अंगणात अनवाणी उभा राहून गाडी ऐकत आला, तो कान बंद करून, पाय झाकून, नुसता बघत उभा राहायला लागला. कापूस ते घरीही काढत नसत. मला त्यांच्याशी बोलायचं तर समोर जाऊन हातवारे करावे लागत. ओसरीवरचं बाकडं तसंच होतं, खिडकीची झडप पाडलेली. रुमाल रोज सकाळी टाकलेला असे. तो उचलला कधी जायचा, मला दिसलं नाही.

मला त्यांचा राग येत असे, हेही सांगून टाकतो. एवढी शिक्षा स्वतःला कशाला, असं वाटे. माई असत्या तर त्यांनी त्या कापसाचे बोळे काढून चुलीत टाकले असते. पण माई नव्हत्या, आणि त्यांच्या जागी ते करायचा हक्क मला नव्हता.

पुढे माझी इंदापूरच्या दूध संकलन केंद्रावर बदली झाली. सामान टेंपोत पुढे पाठवून मी तात्यांचा निरोप घ्यायला पायवाटेवर गेलो, कारण त्या वेळी ते तिथेच असणार. दुपार होती. रानातून चार-पाच बायका भारे घेऊन येत होत्या, शांताबाई पुढे. तात्या रुळाच्या रानाकडच्या अंगाला आपल्या जागी उभे होते, मी रूळ ओलांडून त्यांच्याजवळ गेलो; शिट्टी ओठांशी, नजर वळणावर.

त्या दिवशी तारांचं काही काम निघालं होतं आणि विजेची गाडी बंद होती. ती ओढायला कुठून तरी जुनं डिझेल आणलं होतं. हे मला नंतर कळलं. आधी कळलं ते पायांना. अगदी बारीक थरथर, चपलेतून वर येणारी. इतक्या दिवसांनी, तीही मला इंदापूरवाल्याला कळली, मग त्या बायकांना का नाही कळणार? तात्यांची शिट्टी वाजायच्या आत सगळ्याजणी जिथल्या तिथे थांबल्या. कुणी भारा खाली ठेवला नाही, कुणी मान वळवली नाही. भाऱ्याखाली नुसते चेहरे उजळले.

"थोरली!" एक जण ओरडली. "तात्या, थोरली आली!"

तात्यांना ऐकू आलं नाही. त्यांना फक्त दिसलं की बायका न बघता थांबल्यात आणि हसतायत. तेव्हा त्यांना कळलं. त्यांचा चेहरा इतका रागाने भरला, की त्यांना तसं मी कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी जोरजोरात शिट्टी वाजवली. "बघा!" ते ओरडले. "ऐकू नगा, बघा! भारा खाली! मान डावीकडं!" वर्षभराची त्यांची सगळी मेहनत त्या थरथरीने पुसून टाकली होती. बायका घाबरल्या, त्यांनी भारे खाली ठेवले आणि माना वळवल्या.

मग ती वळणावरून आली. काळा धूर, धापा, सगळं तसंच. भोंगा दिला. खडी थरथरायला लागली. तात्या हात वर करून तिच्याकडे तोंड करून उभे होते, कापूस कानांत, डोळ्यांची पापणी न हलवता. मी त्यांच्या बाजूला होतो म्हणून मला ते दिसलं, बायकांना दिसलं नाही. त्यांच्या उजव्या पायातली जाड चप्पल निघाली होती आणि उघडा तळवा त्यांनी जमिनीवर पूर्ण टेकवला होता. डबे एकेक करून गेले. शेवटचा डबा उसाआड जाईपर्यंत तो पाय तसाच होता.

धूळ खाली बसली. शांताबाई आता हसत होती, रडतही असावी. तिने तात्यांच्या समोर येऊन बोटाने जमीन दाखवली आणि ती कशी हलली ते दोन्ही हातांनी करून दाखवलं.

तात्यांनी पाय चपलेत घातला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, परत डावीकडे बघितलं.

"हलली न्हाय," ते तिला म्हणाले. "काय हलली न्हाय जमीन. बघून घे, आन् मग जा."

आणि वाकून त्यांनी तिचा भारा उचलायला घेतला.